गोव्यात घडणारी मराठी विज्ञानकथा कुठे आहे?

खाजनकाठ (धागाकर्ता) :
विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार २०२५ साली रॉबर्ट जॅक्सन बेनेटच्या 'द टेन्टेड कप'ला मिळाला, म्हणून उशिरा का होईना ती कादंबरी वाचून काढली. एक साम्राज्य, त्याच्या कडेला समुद्र. दर पावसाळ्यात त्या समुद्रातून अजस्र प्राणी किनाऱ्यावर चढतात. त्यांना अडवायला तटाच्या भिंती, भिंती सांभाळायला इंजिनिअरांचं खातं, आणि या सगळ्यात एक खून. खून कसा, तर माणसाच्या अंगातून झाड उगवतं! वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखा आमच्या गावचा बांध येत होता. पावसाळा, भरती, बांधाला पडलेलं खिंडार, खिंडार बुजवायचं टेंडर, आणि टेंडर कुणाच्या मेहुण्याला मिळालं यावर चालणारी कुजबुज. कादंबरीतलं सगळं इथे हजर आहे, फक्त प्राणी यायचे बाकी आहेत.

आता मुद्दा. आमच्या गावच्या वाचनालयात चवथीनंतर एक रविवार विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या वाचनाला द्यायचं घाटतंय. अट अशी की कथा मराठीत हवी आणि ती गोव्यात घडायला हवी. यादी करायला बसलो तर कागद कोराच. मराठी विज्ञानकथेतला माणूस पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत असतो, नाहीतर थेट अंतराळात. गोव्यात आलाच तर सुट्टीवर येतो आणि कळंगुटला मासे खाऊन परत जातो.

तुम्हाला ठाऊक असलेल्या कथा सांगा. नसतील तर का नाहीत, तेवढं तरी सांगा.

फेणीविना :
कारण दुपारी एक ते चार लेखक झोपलेला असतो.

घाटावरचा :
अर्धा गुण मिळत असेल तर नारळीकरांचं 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. कथा पुण्या-मुंबईची आहे, कबूल. पण नायकाचं आडनाव काय? गायतोंडे! इतिहासाचे प्राध्यापक पुण्याहून मुंबईला येतात तर तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य. का, तर पानिपतावर विश्वासरावांना गोळी नुसती चाटून गेली. आडनावावरून तरी माणूस तुमचाच वाटतो.

मुग्धा_मडगाव :
हा धडा आम्हाला अकरावीला इंग्रजीच्या पुस्तकात होता, एनसीईआरटीच्या. 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाने. मूळ कथा मराठीत आहे हे वर्गात कुणीही सांगितलं नाही. मी आपली 'काय सुंदर इंग्रजी विज्ञानकथा' म्हणून घरी कौतुकाने सांगितली, तर बाबांनी कपाटातून मराठी पुस्तक काढून समोर ठेवलं.

पणजीकर_७० :
नारळीकरांचा विषय निघालाय तर नव्या मुलांसाठी जरा जुनं सांगतो. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नाव बनवलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं, मग गुपित फुटलं. त्या आधीही या वाटेवर माणसं होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकात अद्भुत मजकूर हमखास मिळायचा. पण पहिल्या दर्जाच्या खगोलशास्त्रज्ञाने मराठीत गोष्टी लिहायला घेतल्या म्हटल्यावर प्राध्यापक मंडळींनाही हा प्रकार वाचायची लाज वाटेनाशी झाली. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, ते त्याचंच टोक. २० मे २०२५ ला ते गेले.

आता गोव्यात का नाही, ते. माझं मत कडू आहे. ही मासिकं मुंबई-पुण्यातून निघत. आपल्याकडचा लिहिता माणूस कवितेकडे गेला, नाहीतर मुक्तिलढ्याच्या आणि भाटकार-मुंडकाराच्या (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत राहणारा) कादंबरीकडे. ते लिहायला हवंच होतं. पण १९६१ नंतरची आपली वीस-पंचवीस वर्षं मराठी की कोंकणी यात गेली. भविष्यकाळात काय घडेल यावर लिहायला आधी वर्तमानकाळाचं भांडण मिटावं लागतं, आणि ते काही आपल्याला जमलं नाही.

फेणीविना :
काका, भांडण मिटलं तर धागे कशावर काढणार?

कुर्डीचा_नातू :
पणजीकर बाब, भांडणाचं कारण मला पुरेसं वाटत नाही. आमच्या घरात भाषेवरून कुणी भांडलं नाही, तरी गोष्ट लिहिली गेली नाहीच.

माझं आजोळ कुर्डी, सांगे तालुक्यातलं. साळावली धरणात गेलं. तीन हजारांवर माणसं उठली, पुढे वाडे आणि वालकिणीला वसली. मोगूबाई कुर्डीकरांचा हा गाव. आणि विज्ञानकथावाल्यांनो, नीट ऐका : हा गाव दरवर्षी परत येतो. एप्रिल-मेमध्ये धरणाचं पाणी ओसरलं की वाटा दिसायला लागतात, घरांचे चौथरे दिसतात, चिऱ्याच्या पायऱ्या दिसतात. लोक जातात, आपापल्या देवाचं करतात, कुणाचं घर कुठे होतं ते पोरांना दाखवतात. पाऊस लागला की गाव पुन्हा खाली. महादेवाचं कदंबकालीन देऊळ तेवढं आधीच दगड-दगड सुटं करून धरणापाशी नेऊन पुन्हा उभं केलं.

गेल्या खेपेला मामाने एका चौथऱ्यावर उभं राहून सांगितलं, 'ही रांदची कूड.' चुलीची जागा अजून ओळखता येते, कारण तिथला चिरा काळा आहे. इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही काजळी गेलेली नाही. मामा तिथे उकिडवा बसला आणि मोबाइलला रेंज येते का बघत राहिला. रेंज येत होती.

वर्षातून महिनाभर उघडणारा गाव. एखाद्या वर्षी पाणी ओसरल्यावर वेगळाच गाव वर आला तर? किंवा आत गेलेला माणूस पावसाआधी परतलाच नाही तर? ही कथा कुणी लिहिली नाही याचा मला संताप येतो.

मुग्धा_मडगाव :
अंगावर काटा. तुम्हीच लिहा ना हो!

कुर्डीचा_नातू :
मला गोष्ट सांगता येते, बाय. लिहायला बसलो की निबंध होतो.

सत्तरीची_सून :
विज्ञानकथेचं मला कळत नाही, पण अद्भुतकथा म्हणाल तर सगळा गोवा भरून वाहतोय. वेताळाला चामड्याच्या वाहाणा वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात. शेतांवर देवचार असतो, म्हणजे राखणदार. घुंगुर लावलेली काठी आपटत येतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. हे सोडून आपली मुलं ड्रॅगन काढत बसतात.

चिकित्सक :
ताई, इथेच गल्लत होते. धाग्याच्या नावात 'विज्ञानकथा' आहे. देवचार आला की विज्ञान उठून जातं. ज्या नारळीकरांचं वर कौतुक चाललंय, त्यांनीच दाभोलकरांच्या सोबतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, हुशार मुलाची कुठली आणि मतिमंद मुलाची कुठली? बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी जवळजवळ तेवढीच आली असती. या माणसाच्या परंपरेत तुम्ही देवचार बसवणार?

दशावतारी_पेडणे :
देवचाराला कुठे बसवायचं ते देवचार ठरवतो. आपण सांगायचं नसतं.

सत्तरीची_सून :
चिकित्सक, मी अद्भुतकथाच म्हटलं होतं, पुन्हा वाचा. आणि धाग्यातही तेच आहे, दोन्ही.

पण माझी अडचण तुमच्या उलट बाजूची आहे. आमच्या शेताच्या बांधावर देवचाराची जागा आहे. कापणीआधी तिथे रोंट (जाड भाकरी), विडी आणि सोरो (दारू) ठेवतात. माझे सासरे रसायनशास्त्राचे पदवीधर, सोरो तेच ओततात. सासूबाईंना मी 'फँटसी' म्हणून देवचाराची कथा वाचून दाखवली तर त्या विचारतील, राखणदार खोटा काय गो? ज्याला लोक अजून गाऱ्हाणं घालतात त्याला काल्पनिक म्हणायचं कसं? आणि खरा म्हणून लिहिलं तर ते देवस्थानचं माहात्म्य होतं, कथा राहत नाही.

घाटावरचा :
वा! या धाग्यातला हा पहिला खरा प्रश्न.

मला वाटतं, उत्तर नियमांत आहे. चांगल्या अद्भुतकथेत जादूला नियम असतात आणि नियम मोडल्याची किंमत असते. देवचाराकडे ते आयते आहेत. कबूल केलं ते द्यायचं. न विचारता त्याच्या वाटेत बांधकाम करायचं नाही. चुकलात तर दार आहे तिथेच, पण तुम्हाला सापडणार नाही. लेखकाने तो आहे की नाही यावर बोलूच नये. बांधावर बंगला बांधायला आलेल्या दिल्लीच्या बिल्डरवर लिहावं. सासूबाईंना कथा पटेल, चिकित्सकांनाही पटेल, प्रत्येकाला आपापल्या कारणाने.

फेणीविना :
बिल्डर देवचारालाच पार्टनर करून घेईल. 'राखणदार रेसिडेन्सी, फेज टू.'

दशावतारी_पेडणे :
हसू नका, हेच दशावतारात रोज चालतं. संकासुर वेद चोरणारा राक्षस. काळा झगा, लांब लाल जीभ. पण बोलतो काय, तर पंचायतीवर, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर, समोर बसलेल्या सरपंचावर. पहाटेपर्यंत पेट्रोमॅक्सच्या उजेडात पुराण आणि आजचा पेपर एकाच पाटावर बसायचे. तुम्ही ज्याला नवीन प्रकार म्हणताय तो आमच्याकडे पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडतो. लिहून ठेवलेला नाही, एवढंच. संवाद जागेवर सुचतात आणि तिथेच विरतात.

मुग्धा_मडगाव :
'तुंबाड' चित्रपट आठवला. त्यामागे नारायण धारपांची 'आजी' कथा आहे ना? भय आणि लोककथा एकत्र करण्यात धारपांचा हात धरणारा कुणी नाही.

चिकित्सक :
धारपांचं मान्य. पण समर्थ हा नायक असलेल्या त्यांच्या कथांत शेवटी समर्थ येतात आणि सगळं निस्तरतात. देवचाराला समर्थ भेटले तर कथा दोन पानांत आटोपेल.

बोंडला :
तुम्ही सगळे मराठी-मराठी करताय. गोव्यावरचा सर्वांत यशस्वी पर्यायी इतिहास इंग्रजीत लिहून झालाय आणि लेखकाचं नाव कुणालाही ठाऊक नाही. 'बिकोलिम कॉन्फ्लिक्ट.' म्हणजे आपल्या डिचोलीचं युद्ध. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर लेख आला : १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात डिचोलीला युद्ध झालं. लढाया, तह, संदर्भग्रंथ, सगळं व्यवस्थित. विकिपीडियाच्या मंडळींनी त्याला 'चांगला लेख' असा शिक्काही दिला. पाच वर्षांनी एकाला शंका आली, त्याने संदर्भ तपासले, तर ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये लेख उडवला. शिवाजी महाराज तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते, तरी कुणाला वाटलं नाही की बघावं हे मराठे नेमके कुठले.

फेणीविना :
डिचोलीकरांनी निदान विजयोत्सव तरी साजरा करायला हवा होता. पाच वर्षं फुकट गेली.

पणजीकर_७० :
कपोलकल्पित युद्ध कशाला, खरंच तिथे आहे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या फौजेने जुव्याचा किल्ला घेतला. राजधानी पलीकडच्या काठावर. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर इतका घाबरला की त्याने झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हाती ठेवला. आता तूच सांभाळ म्हणून! भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, अशी आख्यायिका आहे. मग रामघाटातून शहा आलम मोगल फौज घेऊन उतरला आणि महाराजांना मागे फिरावं लागलं.

घाटावरचा :
म्हणजे शहा आलमला घाटात आठ दिवस उशीर झाला, इथपासून कथा सुरू. आज पणजीत गायतोंडे सर उठतात तर पुढे काय? पाव नाही, पोदेर (पाववाला) नाही, चोरीस (सॉसेज) नाही, आणि काजूही नाही, कारण काजू आणला पोर्तुगीजांनी.

चिकित्सक :
१६८३ पर्यंत काजू येऊन शंभरावर वर्षं झाली असतील. काजू राहील.

फेणीविना :
हुश्श. मग लिहा.

फेणीविना :
आणि पर्यायी इतिहासच हवा तर १६ जानेवारी १९६७ घ्या की! जनमत कौल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरचं मतदान. विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७०, वेगळं राहण्याच्या दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. उद्या सकाळी उठलात आणि गोवा महाराष्ट्राचा जिल्हा आहे. मुंबईहून कलेक्टर आलेत. हे लिहा, नारळीकरांपेक्षा जास्त खपेल.

बोंडला :
जिल्हा झाला असता तर एवढे कॅसिनो तरी नसते.

पणजीकर_७० :
आणि एवढ्या सरकारी नोकऱ्याही नसत्या. आमच्या पिढीला विचारा, कौलाआधी भावाभावांत अबोला होता. ज्यांनी फूल मारलं त्यांचंही गोव्यावर प्रेम होतंच हे...

(पुढचे अकरा प्रतिसाद संपादक मंडळाने काढले आहेत. जनमत कौलावर जुना धागा आहे, तिथे भांडावे. इथे विज्ञानकथा. – संपादक मंडळ)

उणे_वीस :
अकरा प्रतिसाद उडाले म्हणजे विषयात दम आहे.

माझा मुद्दा वेगळा. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली. डॉ. कासिम प्रमुख, नॉर्वेचं भाड्याचं जहाज, एकूण एकवीस माणसं, आणि सगळं गुपचूप. ९ जानेवारी १९८२ ला पोचले. नंतर तिथे 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणं बांधलं, ते पुढे बर्फात गाडलं गेलं. वास्कोच्या केंद्रात अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दांडे उणे २० अंशांत जपून ठेवतात. बाहेर मे महिन्याचा उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि एका दाराआड हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकून बसलेली. वादळात वीज गेली, जनरेटर सुरू होईना, आणि बुडबुडे फुटायला लागले. चिकित्सक, यात देवचार नाही. चालेल का?

चिकित्सक :
धावेल!

आणि यातच मला हवं होतं ते सापडतं. नुसती गावांची नावं पेरली की कथा गोव्याची होत नाही. कथेला गोवा लागला पाहिजे. आर्थर क्लार्क १९५६ पासून श्रीलंकेत राहिला. 'द फाउंटन्स ऑफ पॅरडाइज' लिहिताना त्याला अंतराळात जाणारी लिफ्ट हवी होती, ती विषुववृत्तावरच उभी राहते. श्रीलंका पडते थोडी उत्तरेला. मग त्याने बेटच दक्षिणेला सरकवलं, नाव दिलं ताप्रोबेन, आणि तिथला डोंगर, सिगिरियाचा राजवाडा, सगळं कथेत ओढलं. १९८० चा ह्यूगो मिळाला. दुसरीकडे हलवली तर ती कथा मरते. खाजनकाठ, तुमच्या रविवारी येणाऱ्या प्रत्येक कथेला हाच प्रश्न विचारा : हे रत्नागिरीत घडलं असतं तर काय बिघडलं असतं?

मुग्धा_मडगाव :
उलटंही झालंय बरं का. कांदोळीचा आबे फारिया, संमोहनवाला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, पुढे कोसळणारी बाई आणि वर त्याचे पसरलेले हात. ड्यूमाने त्याला उचलून 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'त टाकलं आणि करून टाकला इटालियन. आपण आपला माणूस वापरला नाही की दुसरे नेतात.

एक भीतीही आहे. तुम्ही कथा मागवल्यात तर निम्म्या चॅटजीपीटीच्या येतील. 'क्लार्क्सवर्ल्ड' मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं होतं, यंत्राने लिहिलेल्या कथांचा इतका पूर आला.

खाजनकाठ (धागाकर्ता) :
सगळ्यांचे आभार. छापलेली एकही गोवेकर कथा धाग्यात आली नाही, म्हणजे माझा कोरा कागद बरोबर होता. पण आता वाचनाऐवजी कथा लिहवून घ्याव्यात असं मंडळाला सुचवलंय.

मुग्धा, यंत्राचा बंदोबस्त सोपा आहे. कथा लेखकाने स्वतः वाचायची आणि मग समोरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. समोर आमच्या गावचे निवृत्त तलाठी बसणार आहेत. त्यांच्यापुढे खोटा सर्व्हे नंबर टिकत नाही.

चिकित्सकांचा प्रश्न मी स्वतःला लावून पाहिला. माझी कथा मानशीवर आहे. ज्यांनी मानस पाहिली नाही त्यांच्यासाठी : खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेतं. त्या बांधात दगडी खांबांमध्ये लाकडी दारं टांगलेली असतात. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. ना वीज, ना मोटर, चंद्र चालवतो. रात्री जवळ उभं राहिलं की भरती पालटताना आधी दोन-तीनदा दार कुरकुरतं, मग एकदम धप्प. माझ्या कथेत समुद्र इतका चढलाय की ओहोटीलाही दार उघडत नाही, आणि मानशीच्या मासेमारीची पावणी (लिलाव) तरीही दरवर्षी होते, बोली लावणारेही येतात. ते का येतात, तिथे मी अडकलोय.

सत्तरीची_सून :
दाराच्या आत काय आहे ते बोली लावणाऱ्यांनाच ठाऊक असणार. तुम्ही लेखक म्हणून बाहेरच उभे राहा. आणि पावणीत एक अशी बोली येऊ द्या की बोलणारा कोण ते दिसत नाही.

कुर्डीचा_नातू :
बाय, हे आता माझ्या झोपेत येणार.

खाजनकाठ (धागाकर्ता) :
ताई, ही बोली मी घेतली. नाव तुमचं छापतो.

सत्तरीची_सून :
नाव नको. सासूबाई वाचतात.

घाटावरचा :
मी शहा आलम घेतो. कोल्हापूरहून येईन, रामघाटातूनच उतरेन, उशीर झाला तर कारण समजून घ्या. कुर्डीवाले, तुम्ही तोंडी सांगा, मुग्धाताई टंकतील. उणे वीस, तुमचा जनरेटर पक्का. शब्दमर्यादा किती?

खाजनकाठ (धागाकर्ता) :
वाचायला वीस मिनिटं. त्याहून जास्त झालं तर चहा थंड होतो आणि भजी संपतात.

बोंडला :
मी डिचोलीच्या युद्धावर लिहितो. सगळे संदर्भग्रंथ बनावट असतील, आधीच सांगून ठेवतो.

पणजीकर_७० :
मी ऐकायला येईन. फक्त त्या दिवशी १९६७ वर कुणी वाचू नये, निदान जेवणाआधी तरी. मी ज्याच्या गाडीतून येणार तो फूलवाला आहे आणि परतीची बस साडेसहानंतर नाही.